माळा पाडून घर मोठं होत नाही

मामांचा जुना लॅपटॉप. ४ जीबी रॅम, त्यावर लिनक्स. "फार रखडतोय रे," म्हणाले. मी पाहिलं तर स्वॅपमध्ये ६०० एमबी. झालं! नेहमीचा मंत्र म्हटला आणि स्वॅप बंद करून टाकला. दोनच दिवसांनी मशीन आधी गोठलं, मग कर्नेलने जागा करण्यासाठी ब्राउझरच मारला. त्यात मामांचं तासभर लिहिलेलं गेलं. मामा काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून "स्वॅप म्हणजे वाईटच" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. (त्यात मीही आलोच.)

अहो, स्वॅप म्हणजे घरातला माळा. वर्षातून एकदा लागणारी परात माळ्यावर गेली तर बिघडलं कुठे? स्वयंपाकघर मोकळं झालं ना! माळाच पाडला तर परात ओट्यावर येते आणि रोजचा तवा बाहेर जातो. कर्नेलचंही तसंच. न वापरलेला डेटा ठेवायला जागा नसली की तो चालू प्रोग्रामचा कोडच रॅममधून काढतो आणि पुन्हा पुन्हा डिस्कवरून वाचतो. म्हणजे स्वॅप नसतानाही डिस्कची घरघर चालूच!

दुसरा मंत्र, 'स्वॅपिनेस १० करा.' अनेकांना वाटतं, म्हणजे रॅम ९० टक्के भरल्यावर स्वॅप सुरू होईल. साफ चूक. तो आकडा टक्केवारी नाहीच. प्रोग्रामचा डेटा हलवायचा की फाइलींची कॅश टाकायची, याचा तो तराजू आहे. मूळ आकडा ६०. कर्नेल ५.८ पासून (२०२०) तो २०० पर्यंत नेता येतो. कर्नेलवाले अँड्र्यू मॉर्टन तर २००४ मध्ये स्वतःच्या मशीनवर १०० ठेवत असत!

नको असलेलं स्वॅपिंग म्हणजे रोजच्या तव्यासाठी सारखं शिडीवर चढणं. ते ओळखायला 'व्हीएमस्टॅट १' चालवा. पहिली ओळ सोडा, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढे 'एसआय' आणि 'एसओ' या रकान्यांत शून्य असेल तर स्वॅप कितीही भरलेला दिसो, हात लावू नका. आकडे सतत पळत असतील तर रॅम खाणारा प्रोग्राम शोधा, रॅम वाढवा, नाहीतर झेडरॅम लावा. तो डेटा दाबून रॅममध्येच ठेवतो. फेडोरात २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून तो आपोआप येतो. आणि गंमत म्हणजे झेडरॅमबरोबर स्वॅपिनेस वाढवायचा असतो, कमी नाही.

मामांकडे आता झेडरॅम आहे. लॅपटॉप भंगारात गेला नाही.

असो. मत वेगळं असेल तर जरूर भांडा, पण आधी ते दोन रकाने बघून या!