पिल्लांवर चमचा टाकू नका

गळाने मासे धरायचा शौक असलेल्या आपल्या शहरातल्या तरुणांना माझी एक विनंती आहे: पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांवर चमचा टाकू नका.

ज्यांना हा चमचा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पितळेचा किंवा स्टीलचा खोलगट वाकवलेला पत्रा, एका टोकाला दोरी, दुसऱ्याला गळ. ओढला की तो डुलतो, चमकतो आणि शिकारी माशाला जखमी मासळीसारखा वाटतो. त्याचे खरे कसब वेगात आहे. चमचा डुलला पाहिजे, गरगर फिरता कामा नये. फिरला की दोरीला पीळ पडतो. मध्येच ओढणे थांबवले की तो लटपटत खाली जातो आणि पुष्कळदा मासा नेमका तेव्हाच झडप घालतो. मरळ पाणवनस्पतींच्या कडेला राहते, म्हणून तिथे गळासमोर तारेची आड असलेला चमचा वापरतात. हे सगळे शिकण्यासारखे आहे.

पण एक युक्ती मला मान्य नाही. मरळीची पिल्ले लालसर, केशरी रंगाची असतात आणि घोळक्याने पाण्याच्या वरच्या थरात फिरतात. आईबाप खालून राखण करतात. त्या घोळक्यात चमचा पडला की मोठा मासा भुकेने नव्हे, पिल्लांना वाचवण्यासाठी त्याच्यावर धावतो आणि अडकतो. यात कसब कसले? राखणदार गेला की इतर माशांना ती पिल्ले आयतीच मिळतात. एका फोटोसाठी एक पिढी जाते.

कुणी म्हणेल, मासा तर हलाल आहे, जबह करायचीही गरज नाही. बरोबर. पण हलाल म्हणजे केव्हाही आणि कसाही, असे नाही. एरवी जायज असलेली जमिनीवरची शिकार इहराममध्ये मना होते. पाण्यातल्या शिकारीला तेव्हाही मुभा आहे, हे खरे. पण शिकारीलाही वेळ-काळ असतो, हा विचार आपल्याला परका नाही.

कुणी म्हणेल, जाळेवाले तर ढिगाने काढतात. त्यांचे पोट त्यावर आहे. आपला शौक आहे. शौकाला संयम जास्त हवा. समुद्रात तर पोटासाठी जाणाऱ्या यांत्रिक बोटीही 1 जून ते 31 जुलै बंद असतात.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पट्टेरी बास हा चमच्याने धरणाऱ्यांचा लाडका मासा. तो फार घटला तेव्हा मेरीलँड राज्याने 1985 मध्ये त्याच्या मासेमारीवर बंदी घातली. मासा सावरू लागल्यावर 1990 मध्ये ती उठली. शौकीनांना पाच वर्षे थांबावे लागले. आपल्याला एक पावसाळा जड का जावा?

पैठणचा नाथसागर आपल्या शहराला पाणी पाजतो. 1986 पासून तो पक्षी अभयारण्यही आहे, तेव्हा गळ टाकण्याआधी परवानगीची चौकशी करा. तीन काट्यांऐवजी एकच गळ लावा आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, म्हणजे सोडायचा मासा कमी जखमी होईल. खायला लागेल तेवढाच ठेवा. आणि पाण्यावर केशरी घोळका दिसला, तर चमचा गुंडाळून दुसरीकडे जा. हिवाळ्यातही मरळ तिथेच असेल, आणि तेव्हा ती भुकेने येईल.