चारशे चव्वेचाळीस रुपयांचा खेळाडू

एका दुपारी आमच्या दारात एक तरुण उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "काका, घरात मोबाईलवर गेम कोण खेळतं का?" सूनबाई आतूनच म्हणाली, "कोण खेळत नाही ओ!" त्या क्षणी तिच्या फोनवर लुडोचा फासा घरंगळत होता. मीही मान हलवली. माझा नातू रोज संध्याकाळी गाड्यांच्या शर्यती खेळतो, पण फोन माझा, खाते माझ्या नावाचे, त्यात जन्मसाल माझे. म्हणजे कुठल्याशा कंपनीच्या दप्तरी बेळगावचा एक सत्तरीचा गृहस्थ शर्यतीच्या गाड्या उडवतो अशी नोंद असणार. तरुणाने टॅबवर दोनतीनदा बोट टेकले आणि तो शेजारच्या घराकडे वळला. आमच्या घरात माणसे सहा, खेळणारे शून्य.

मी मास्तर होतो. १९९१ च्या जनगणनेला प्रगणक म्हणून वही घेऊन दारोदार हिंडलो आहे. मातृभाषेचा रकाना आला की माणूस उत्तर देण्याआधी विचारणाऱ्याचे तोंड पाहतो, हे या सीमाभागात कुणाला समजावून सांगायला नको. आणि मोजायचा घटक कोणता धरता त्यावर निकाल फिरतो, हेही आपल्याला पाठ आहे. खेडे हा घटक धरा, हे पाटसकर सूत्र आपण १९६७ च्या महाजन अहवालापासून प्रत्येक सभेत उगाळत आलो. म्हणूनच 'ऑनलाइन गेम खेळणारे इतके कोटी' असा मथळा वाचला की मला पहिला प्रश्न पडतो तो हा की, खेळणारा कुणाला म्हटले?

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१५ साली तिथल्या प्रौढांना दोन प्रश्न विचारले. तुम्ही व्हिडिओ गेम खेळता का? शेकडा ४९ जण हो म्हणाले, आणि त्यात स्त्री-पुरुषांत जवळजवळ फरक नव्हता. तुम्ही स्वतःला 'गेमर' म्हणवता का? हो म्हणणारे शेकडा १० उरले. माणसे तीच होती. जाहिरात मिळवायची असेल त्याने पहिला आकडा घ्यावा, 'हा थोड्या वाया गेलेल्या पोरांचा नाद आहे' असे म्हणायचे असेल त्याने दुसरा घ्यावा. दोघेही खरेच बोलतील.

याहून मला बोचले ते दुसरे एक संशोधन. 'एव्हरक्वेस्ट टू' हा हजारो लोक एकाच वेळी एका काल्पनिक राज्यात खेळतात असा खेळ. दिमित्री विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या सुमारे ७,००० खेळाडूंना प्रश्नावली दिली. ती भरणाऱ्याला बक्षीस म्हणून खेळात वापरायची एक खास वस्तू मिळे. (रोख पैसे दिले असते तर इतकी गर्दी झाली असती का, शंका आहे.) कंपनीने त्यांना सर्व्हरवरच्या नोंदीही पाहू दिल्या, त्यामुळे सांगितलेले तास आणि प्रत्यक्ष खेळलेले तास शेजारी शेजारी मांडता आले. २००८-०९ मध्ये निष्कर्ष छापून आले. खेळाडूंचे सरासरी वय ३१ निघाले. स्त्रिया पाचांत एक, पण आठवड्याला पुरुषांपेक्षा जास्त तास खेळणाऱ्या. आणि सांगताना? पुरुषांनी सुमारे तासभर कमी सांगितले, स्त्रियांनी सुमारे तीन तास. आमच्या सूनबाईचे "कोण खेळत नाही ओ" हे तेच. बाईमाणसाने दुपारी खेळत बसणे तिथेही शोभत नसावे.

लोक नेहमी कमीच सांगतात, मग थोडे वाढवून घेऊ, असे कुणी म्हणेल. तेही जमत नाही. २०२१ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दोन खेळांच्या ३,२७४ खेळाडूंची अशीच पडताळणी केली, तेव्हा लोकांनी सरासरीने जास्त तास सांगितल्याचे दिसले. शिवाय निमंत्रणे लाखोंना गेली होती आणि शेकडा दोघांनीही उत्तर दिले नव्हते. न बोललेल्या अठ्ठ्याण्णवांचे काय? हा आक्षेप त्या संशोधकांच्या प्रामाणिकपणावर नाही; त्यांनी आपले उणे स्वतःच छापले. आमच्याकडे उणे छापण्याची पद्धत नाही, आकडा मात्र टपोऱ्या अक्षरांत.

आपल्याकडचे पाहा. फिक्की-ईवायच्या अहवालात २०२४ साली भारतात ऑनलाइन खेळणारे ४८.८ कोटी. ल्युमिकाई ही या धंद्यात भांडवल घालणारी संस्था. तिच्या अहवालात २०२३-२४ साली खेळणारे ५९.१ कोटी. फरक दहा कोटींवर. २०११ च्या जनगणनेत सबंध कर्नाटकाची लोकसंख्या ६.११ कोटी होती. ती या फटीत बसून आणखी चार कोटींना जागा उरते!

आता २०२५ च्या ऑगस्टकडे या. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने दोन दिवसांत मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्या वेळी सरकारच्या बाजूने सांगितलेला अंदाज असा की, सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये घालवतात. फिक्की-ईवायच्याच हिशेबात २०२३ साली झाडून सगळे ऑनलाइन खेळणारे ४५.५ कोटी होते, पैसे लावणारे आणि न लावणारे धरून. मग पैसे घालवणारे ४५ कोटी कुठून आले? आमची सूनबाई त्यात धरली आहे काय? भागाकार करा. माणशी वर्षाला ४४४ रुपये. महिन्याला ३७. एवढ्यासाठी कुणी कायदा करत नाही, आणि एवढ्यासाठी कुणाचे घरही मोडत नाही.

पण घर मोडते. आमच्या वडगावात यंत्रमागावर काम करणारा एक पोरगा रमीत दीड लाख हरला. मालकाकडची उचल, मग बचत गटाचे कर्ज, मग बायकोचे डोरले. त्याच्या आईला हे कळले ते सोनाराकडून. टॅबवाला तरुण त्यांच्या दारात गेला असता तर तो काय म्हणाला असता, हे मी सांगू शकतो. बंदी यावी असे मलाही वाटत होते, आली याचे दुःख नाही. माझा संताप आहे तो त्याला ४४४ रुपयांचा खेळाडू करून टाकणाऱ्या हिशेबावर. दीड लाख हरणारे गावोगाव किती, कुठल्या वयाचे, कुठल्या कामाचे, हे माहीत असते तर बंदीनंतर कर्जाच्या फेडीसाठी, व्यसनाच्या उपचारासाठी कुठे हात द्यायचा ते ठरवता आले असते. कोटींच्या आकड्याने यातले काहीच ठरत नाही.

आणि माहिती नव्हती असे नाही. पैसे लावताना ओळखपत्र लागे, बँकखाते लागे. कोण किती वाजता किती हरला याची पै-पैची नोंद कंपन्यांकडे होती. सर्वेक्षणाला दारोदार पोरे हिंडवायची आणि पक्की वही कपाटात कुलूपबंद ठेवायची, हा प्रकार आम्ही सावकाराकडे पाहिला आहे. ती वही, नावे खोडून, स्वतंत्र संशोधकांना उघडी करा. कंपन्या आवरल्या म्हणून नोंदी पुसू देऊ नका. आणि संपादकहो, यापुढे असा आकडा छापाल तेव्हा त्याच्याखाली, हवे तर बारीक टाईपात, तीन गोष्टी छापा: कुणी विचारले, खेळाडू कुणाला म्हटले, आणि किती जणांनी उत्तरच दिले नाही.

त्या तरुणाला मी जाताना विचारले होते, रोज किती घरे? "चाळीस भरायची बघा काका." आणि कुलूप असलेल्या घराचे काय करतोस? तो हसला आणि जिना उतरला.