सोबतीला कुणी तरी

पोटासाठी गाव सोडलेल्यांच्या कथा या अंकात आहेत. त्या निवडताना स्टाइनबेकची १९३७ची कादंबरी ‘ऑफ माइस अँड मेन’ पुन्हा काढली. ती घडते ते कॅलिफोर्नियातलं सोलेदाद; स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थच एकटेपणा. जॉर्ज-लेनी या भटक्या शेतमजुरांना हवी थोडी जमीन, थोडे ससे. मला मात्र दर वेळी क्रुक्सपाशी थांबावं लागतं. पाठ मोडलेला हा कृष्णवर्णीय मजूर. गोऱ्यांच्या खोलीत त्याला मज्जाव, म्हणून तबेल्यालगत घोड्यांच्या साजात, पुस्तकांच्या सोबतीनं राहतो. लेनीच्या स्वप्नाला आधी तो हसतो. मग चाचरत म्हणतो, मलाही घ्या, फुकट राबेन. एवढ्यात मालकाची सून येते, फासावर लटकवण्याची धमकी देते. क्रुक्स शब्द मागे घेतो आणि एकटाच पाठीला मलम चोळत बसतो.