खड्ड्यात उतरणाऱ्यांची तालीम

जमिनीखालचा इतिहास वर काढणाऱ्या विद्वानाने गवंड्या-सुतारांसारखी सुरक्षिततेची परीक्षा का द्यावी, असा प्रश्न पुष्कळांना पडेल. विलायतेत तो प्रश्न व्यवहारानेच सोडविला आहे. इंग्लंडात १९९० च्या सरकारी मार्गदर्शनानंतर बांधकामापूर्वीच्या उत्खननाचा खर्च बांधणाऱ्याने सोसण्याचा प्रघात पडला, आणि पुरातत्त्वज्ञ थेट यंत्रांच्या गराड्यात येऊन उभा राहिला. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकापाशी २०१५ साली नव्या रेल्वेसाठी जुनी दफनभूमी उकलताना तीन हजारांहून अधिक सांगाडे निघाले, ते अशाच धामधुमीत.

अशा कामाच्या फाटकावर तेथे बहुधा ‘सीएससीएस’ कार्ड विचारतात. बांधकामावरील कामगारांसाठी १९९५ साली ही योजना निघाली. कायद्याने ते कार्ड सक्तीचे नाही. पण मोठे ठेकेदार त्यावाचून आत घेत नाहीत. त्यासाठी आरोग्य व सुरक्षिततेची परीक्षा द्यावी लागते. प्रश्न पन्नास, वेळ पाऊण तास.

यात विद्वत्तेचा अवमान मला तरी दिसत नाही. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या घरात जाते. चराची बाजू ढासळली तर ती खालच्या माणसाची पदवी विचारीत नाही.

मात्र कार्ड म्हणजे सुरक्षितता नव्हे. माझे वडील राजवाड्याच्या पदरी गाणारे. मी शिकवण्या करून मुलांना परीक्षांना बसवितो. प्रमाणपत्राने सभागृहाचे दार उघडते, सूर मात्र रोजच्या तालमीनेच लागतो. तसेच चर रोज सकाळी जाणत्याने पाहिला पाहिजे, बाजूंना आधार दिला पाहिजे, पाऊस पडून गेल्यावर पुन्हा पाहिला पाहिजे. खिशात कार्ड आहे म्हणून ठेकेदाराची जबाबदारी संपत नाही.

बडोदेकरांना हा विषय परका वाटू नये. शामळाजीजवळच्या देवनी मोरी येथील बौद्ध स्तूप धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी आपल्याच विद्यापीठाच्या मंडळींनी १९६० ते १९६३ या काळात तो खणून अभ्यासला. तेथे सापडलेल्या अस्थिकरंडकाचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण करंडकाची जपणूक करणाऱ्या समाजाने तो काढणाऱ्या हातांचीही काळजी वाहिली पाहिजे.

आपल्याकडे खड्ड्यात आधी उतरतो तो मजूर, पदवीधर मागाहून. म्हणून असे प्रशिक्षण येथे आणावयाचे तर ते मजुरापासून सुरू व्हावे, त्याच्या भाषेत व्हावे, आणि अक्षरओळख नसेल तर तोंडी व्हावे. त्याचा खर्च व बुडालेली मजुरी बांधणाऱ्याच्या खाती पडावी. एरव्ही ते कार्ड म्हणजे गरिबाला फाटकाबाहेर ठेवण्याचे आणखी एक कुलूप ठरेल.