सोन्याच्या भेगेतलं बोअरचं पाणी

"भंडाऱ्याच्या जमिनीखाली सोनं आहे" ही बातमी अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते. अगदीच खोटी नाही ती. साकोली पट्ट्यातल्या जुन्या खडकांत भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याचा शोध घेतलेला आहे. पण मंडळी, सोनं बऱ्याचदा एकटं येत नाही. सोबत आर्सेनिक घेऊन येतं. जुन्या लोकांचा सोमल, तो यातलाच!

फार फार पूर्वी खोलवरचं गरम, गंधकाचं पाणी खडकांच्या भेगांतून वर चढलं. त्यात सोनंही विरघळलेलं होतं आणि आर्सेनिकही. दोन्ही एकाच भेगेत थिजलं. रायचूरजवळच्या हट्टी खाणीत सोन्याबरोबर आर्सेनोपायराइट सापडतं ते असंच. सोनं मातीत इतकं थोडं असतं की शोधणारे आधी आर्सेनिक मोजतात. ते वाढलं की समजायचं, सोनं आसपास असू शकतं.

आता बोअरवाला काय शोधतो? तोही भेगच! कठीण खडकात पाणी तिथेच असतं. त्या खनिजाला हवा-पाणी लागलं की आर्सेनिक सुटून पाण्यात उतरतं.

हे नुसतं पुस्तकी नाही. कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात मंगळूर नावाची जागा आहे (समुद्रकाठचं मंगळूर नव्हे). तिथली सोन्याची खाण बंद पडली. जवळच किरदळ्ळी तांडा. तिथल्या लोकांच्या अंगावर डाग पडले, तळहात-तळपाय खरखरीत झाले. बोअरच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. खाणीने सोनं दिलं कुणाला आणि हे वाट्याला आलं कुणाच्या?

माझं म्हणणं एवढंच. सोन्याचा शोध घेताना खडकातल्या आर्सेनिकचे आकडे सरकारी फायलीत येतातच. मग ते पाणीपुरवठ्याच्या टेबलावर का जात नाहीत? खाणपट्ट्याचा लिलाव करण्याआधी तिथल्या प्रत्येक बोअरचं पाणी तपासा. मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळूनही जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं. काळ्या बेसाल्टवर राहणाऱ्यांनी उगाच घाबरू नये, तो खडक वेगळा.

साकोली, पवनी, उमरेडकडच्यांनी येत्या ग्रामसभेत विचारा: आपल्या बोअरच्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये आर्सेनिकचा रकाना आहे का? आणि असेल तर भरलेला आहे का? कुणाकडे असा रिपोर्ट असेल तर फोटो कमेंटमध्ये टाका.