समुद्र : ताळेबंदात न दिसणारे भांडवल

समुद्रकिनाऱ्यावरील आलिशान हॉटेल खोल्या विकते असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात ते समुद्र विकते. संगमरवर, तरणतलाव आणि उत्तम भोजन शहरातही मिळते. येथे पाहुणा जादा भाडे मोजतो, ते लाटांच्या सान्निध्यासाठी. तथापि हे भांडवल ताळेबंदात कोठेच नसते. कारण ते मालकाचे नसून सर्वांचे असते.

चार खोल्या अधिक मिळाव्यात म्हणून इमारत वाळूकडे सरकविण्याचा मोह विकसकाला होणे स्वाभाविक आहे. त्याला आवर घालण्याचे कौशल्य वास्तुविशारदाकडे असावे लागते. केरळमधील कोवळम येथे भारतीय पर्यटन विकास महामंडळासाठी चार्ल्स कोरिया यांनी १९६९ ते १९७४ या काळात साकारलेले हॉटेल याचा आदर्श ठरावे. मुख्य इमारत त्यांनी टेकडीच्या उतारातच बसविली. प्रत्येक खोलीला स्वतंत्र सज्जा, ऊन आणि समुद्रदर्शन मिळाले. पांढऱ्या भिंती व लाल कौले यांमुळे वास्तू परिसराशी एकरूप झाली. विशेष म्हणजे, किनारा नियमनाची पहिली अधिसूचना त्यानंतर, १९९१ मध्ये निघाली.

त्याच केरळात विपरीत उदाहरणही घडले. वेंबनाड सरोवरातील नेडियतुरुत्तु बेटावरील आलिशान रिसॉर्ट किनारा नियमनाचा भंग करणारे ठरले. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाडण्याचा आदेश कायम केला आणि २०२२ मध्ये त्याची अंमलबजावणी सुरू झाली. कागदावरची मालमत्ता पाहता पाहता राडारोडा झाली.

नियमांमुळे गुंतवणूक व रोजगार अडतो, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. परवानग्यांतील दिरंगाईने खर्च वाढतोच. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवरील बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणण्याची तरतूदही केली. परंतु कायद्याने दिलेली सवलत समुद्राला मान्य असेलच असे नाही. भरती, वादळ आणि किनाऱ्याची धूप अधिसूचना वाचत नाहीत.

अशा प्रकल्पांच्या कर्जाची परतफेड अनेक वर्षे चालते आणि त्यामागे सामान्य ठेवीदाराची बचत असते. म्हणून कर्जप्रस्तावाची छाननी करताना अपेक्षित उत्पन्नाच्या आकड्यांइतकेच महत्त्व भरतीरेषेपासूनच्या अंतराला, पर्यावरणविषयक मंजुरीला आणि मच्छीमारांच्या वहिवाटीला दिले गेले पाहिजे. किनाऱ्यापासून चार पावले मागे सरकलेली इमारत आज थोडे कमी कमावील, पण कर्ज फिटेपर्यंत उभी राहील. किनाराच गेला, तर तारण म्हणून केवळ दगडविटाच उरतील.