पानाचा समास

जुन्या पोथ्यांचे लेखक पानाला समास सोडीत. नक्कल करताना एखादे अक्षर गळले की ते तिथे लिहायचे, कठीण शब्दाचा अर्थही तिथेच टिपायचा. वाचणाऱ्याला पान सोडून कुठे जावे लागत नसे. आपल्या घरातल्या संगणकावर जो ब्राउझर असतो, त्यालाही असा समास आहे. त्याला साइडबार म्हणतात. पण बहुतेक घरांत तो उघडलाच जात नाही, आणि उघडलाच तर त्याचा पोटमाळा होतो!

त्याची खरी किंमत कळते ती आमच्या गडचिरोलीकडे. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो; इंटरनेटचे तर विचारूच नका. तिकडून आलेला, घरी माडिया बोलणारा एक विद्यार्थी ‘लीळाचरित्र’ वाचीत होता. स्वामींनी ‘बीजें केलें’ असे वाचून तो थबकला. धानाच्या मुलखातला मुलगा, त्याला वाटले की ही बियाण्याची गोष्ट! वास्तविक ते जाण्यायेण्याचे आदरार्थी क्रियापद. अर्थ शोधायला तो दुसरे पान उघडी आणि परत येई, तो पहिले पान पुन्हा उतरू लागलेले असे. असे चारदा झाले की मुले अर्थ शोधणेच सोडतात, आणि मास्तर म्हणतात, वाचनाची आवड राहिली नाही!

उपाय अगदी साधा आहे. व्हिवाल्डी नावाच्या ब्राउझरच्या कडेच्या पट्टीत अधिकाचे चिन्ह असते. ते दाबून शब्दकोशाचा पत्ता दिला की कोश कडेला उघडतो आणि मुख्य पान जागचे हलत नाही. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहायला मिळतात. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती 1857 सालची. आजोबांनाही त्यात रमता येईल. फायरफॉक्समध्ये कंट्रोल आणि बी या कळा दाबल्या की खुणेच्या पानांची यादी कडेला येते, मात्र त्यातले पान उघडते ते मधोमधच. ज्यांना नवा ब्राउझर घ्यायचा नसेल त्यांनी विंडोजची कळ आणि बाण दाबून दोन खिडक्या शेजारी शेजारी मांडाव्यात. काम भागते.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तर हे कराच. सूचनांचे पान कडेला, अर्ज मध्ये. एका मुलीचा जवळजवळ पुरा झालेला अर्ज सूचना पाहून येईतो मुदत संपल्याचे सांगून कोरा झाला होता. त्या दिवशी शेवटची तारीख होती. आमच्याकडच्या मुलीला असा एक अर्ज म्हणजे पुढचे वर्ष शिकणे किंवा घरी बसणे.

समासात गर्दी मात्र नको. बातम्या, गप्पा, क्रिकेटचा धावफलक असे सगळे तिथे आणून बसवले तर मधले पान कोण वाचणार? गृहिणींनी पाककृती ठेवावी, चिरंजीवांनी कोश. एका वेळी एकच.

भामरागडकडचा तो विद्यार्थी आता ग्रंथालयातल्या संगणकावर कोश कडेला ठेवून वाचतो. परवा वर्गात त्याने विचारले, “सर, बीजें फक्त थोरांनीच करायचे का? आमच्यासारख्यांनी नुसते जायचे?” त्या तासाला नेमलेली कविता तशीच राहिली.